तिसऱ्यांदा विचारल्यावर

नॉर्डल गावात कोणी "कॉफी घेणार?" असं विचारलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच कशाला तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, केलीच असेल तर अर्धा कप" असं पुटपुटायचं आणि दोन कप प्यायची. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मिनेसोटाच्या त्या भागातली पोरं हे आईच्या दुधाबरोबर शिकतात, आणि ते दूधही बहुधा तिसऱ्या खेपेलाच तोंडी लावत असावीत.

आर्डिस हाउगन या विद्येत गावात पहिली. चौतीस वर्षं ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसली होती. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा. रिकामा होऊन आला की पुन्हा काट्यावर घ्यायचा, पुन्हा आकडा लिहायचा. वजाबाकी उरेल ते धान्य. माणसंही ती याच हिशेबाने तोलायची. येताना काय बोलला, जाताना काय बोलला, मधला फरक तो खरा माणूस. तिने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, यावर गावात एकच मत होतं. आइनार नावाच्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली होती, पण तो भला माणूस शेजारच्या राज्यातला. त्याने दोनदाच विचारलं.

तर अशी ही आर्डिस एका मार्चमध्ये एक सूटकेस आणि स्वतःची उशी घेऊन भावाच्या घरी राहायला आली. सहा आठवड्यांसाठी, असं तिने दारातच सांगून टाकलं. भाऊ डेल दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे तीनला निघायचा आणि संध्याकाळी सातला घोरत असायचा. त्याची बायको करीन वृद्धाश्रमात दुपारपासून रात्रीपर्यंतच्या पाळीला असायची. आणि नेमकं संध्याकाळी सातलाच घरात कोणीतरी लागणार होतं, कारण सोल्वेचं ऑपरेशन झालं होतं.

सोल्वे दहा वर्षांची. ती जन्मली तेव्हाच आतड्याचं शेवटचं टोक नीट घडलेलं नव्हतं. तान्हेपणी तीन ऑपरेशनं होऊन जोडाजोड झाली, पण शी लागलीय हे काही पोरीला कळायचं नाही. आधी डायपर, मग पॅड, दप्तराच्या तळाशी कपड्यांचा एक जादा जोड, आणि वर्गात खिडकीजवळचा बाक. त्या बाकाला हवा जास्त म्हणून बाईंनी तिला तिथे बसवलं होतं. का बसवलं ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ती कधी कोणाच्या घरी राहायला गेली नव्हती. घरात या सगळ्याला "पोटाचं" एवढाच शब्द होता. "पोटाचं कसं आहे?" "पोटाचं जरा आहेच." दहा वर्षं हाउगन मंडळींनी तो एक शब्द धुऊन वाळवून पुन्हा पुन्हा वापरला.

मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी आता एक युक्ती केली होती. अपेंडिक्स, ज्याचा माणसाला जन्मभरात दुखण्यापलीकडे उपयोग नाही, त्याचीच नळी करून आतड्यापासून बेंबीपर्यंत एक वाट काढली. रोज संध्याकाळी बेंबीतून मिठाचं पाणी आत सोडायचं आणि तासभर संडासात बसायचं. आतडं वरपासून खालपर्यंत धुऊन निघतं आणि पोर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोरडी राहते. निदान कागदावर तरी तसं होतं.

घरी सोडायच्या दिवशी ग्लोरिया नावाची एक उंच नर्स सगळं समजावत होती. तिने सोल्वेला विचारलं, "आतून काय बाहेर येणार?"

सोल्वेने आईकडे पाहिलं. आईने आर्डिसकडे, आर्डिसने खिडकीकडे.

"पोटाचं," सोल्वे म्हणाली.

"शी," ग्लोरिया म्हणाली. "तिला दुसरं नाव नाही. तुला जे हवं ते त्याच्या नावानिशी मागायचं. 'मला शीसाठी एक तास बाथरूम हवंय.' म्हण बघू."

सोल्वेने म्हटलं. एकदा हळू, मग मोठ्याने, मग लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसमोर. परतीच्या तीन तासांच्या रस्त्यात तिने ते वाक्य इतक्यांदा म्हटलं, की डेलने शेवटी रेडिओ लावला.

घरी अकरा भांडी येऊन पडली होती. शेजारपाजार आणि चर्च मिळून अकरा काचेची भांडी, प्रत्येकात ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा-खिमा, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. पोरीला सूपच्या वर काही द्यायची परवानगी नव्हती. डेल आठ दिवस बटाटा-खिमा खात राहिला. अकराच्या अकरा भांडी धुऊन परत करताना आर्डिसने नोंद घेतली, की गावाला पोरीबद्दल माया भरपूर आहे, मीठ कमी आहे.

पहिले सहा आठवडे बारीक ट्यूब बेंबीशी चिकटपट्टीने बांधलेली असायची. पळायचं नाही, उचलायचं नाही, पोहायचं तर नावच नाही. पाण्याची पिशवी शॉवरच्या दांडीला टांगायची. सुरुवातीला पोरीला मळमळायचं, कळा यायच्या, ओठ पांढरे पडायचे. आर्डिस पिशवी चालू करून द्यायची आणि दाराबाहेर स्टूल टाकून, दाराकडे पाठ करून बसायची.

"आत्या, तू भिंतीशी बोलतेस का?"

"मी कोणाशीच बोलत नाहीये."

"मग आत ये. पत्ते आण."

"संडासात पत्ते?"

"तास काढायचाय अजून. तू तिकडे भिंत बघणार, मी इकडे पडदा बघणार. पत्ते आण ना."

"शोभतं का ते?"

"आत्या, पत्ते."

तीनदा झालं होतं. आर्डिसने पत्ते आणले. कपड्यांची टोपली पालथी घातली की टेबल, टबच्या काठावर टॉवेलची घडी टाकली की खुर्ची. त्या दिवसापासून संध्याकाळचे सात म्हणजे पत्ते. सोल्वे सराईतपणे फसवायची. मांडीवर टॉवेल असल्यामुळे तिच्याकडे पत्ते लपवायला जागाही होती. आर्डिसला सगळं दिसायचं. चौतीस वर्षं ओलं धान्य कोरडं म्हणून खपवणारे बघितलेली ती बाई, पण इथे ती काटा जरा सैल सोडायची.

डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. आर्डिसने वही आखली. "शी" हा शब्द काही पेनातून उतरेना, म्हणून तिने हाताच्या सवयीने रकान्यांना नावं दिली: आवक, जावक, डाग, शेरा. सोल्वेने ते वाचलं आणि टाके दुखेपर्यंत हसली. "आवक जावक? आत्या, मी ट्रक आहे का?"

"ट्रक असतीस तर एवढी बडबड केली नसतीस."

शेऱ्याचा रकाना मग सोल्वेने बळकावला. "कळा आल्या." "कळा कमी." "आत्या हरली." "आत्या परत हरली." "बाबाने बटाटा-खिमा फ्रीजच्या मागे लपवला."

मेच्या सुरुवातीला ट्यूब निघाली. आता रोज एक नवी ट्यूब स्वतः आत सरकवायची, पाणी सोडायचं, काढून टाकायची. बाकी बेंबी ती बेंबीच. आर्डिसला ते बघवायचं नाही. सोल्वे मात्र सुईत दोरा ओवावा तशी जीभ बाहेर काढून ते करायची. डॉक्टर म्हणाले, सायकल, खेळ, पोहणं, सगळं सुरू करा. डागाच्या रकान्यात सलग एकोणीस दिवस "नाही" लिहिलं गेलं. विसाव्या दिवशी सोल्वे पिवळी चड्डी घालून शाळेत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काळा किंवा निळा सोडून दुसरा रंग कमरेखाली घातला होता. आर्डिस दिवसभर खिडकीच्या आसपास घुटमळली. साडेतीनला बसमधून पिवळी चड्डी उतरली. मागून पिवळी, पुढून पिवळी. आर्डिसने कांदे चिरायला घेतले, गरज नसताना.

त्याच आठवड्यात सोल्वेने कॅम्पचं नाव काढलं.

कॅम्प म्हणजे चाळीस मैलांवर, तळ्याकाठी, चर्चचा. जूनच्या शेवटी पाच दिवस, झाडीत लाकडी खोल्या, एका खोलीत आठ मुली. सोल्वेची एकुलती एक मैत्रीण मारेन दरवर्षी जायची आणि डासांचे फोड आणि घाणेरडी गाणी घेऊन परत यायची. सोल्वे दरवर्षी ती गाणी पाठ करायची. या वर्षी तिला ती तिथेच शिकायची होती. एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते तिने ग्लोरियाच्या पद्धतीने, नावानिशी मागितलं. करीनने अर्ज भरला. तळाशी अगदी बारीक अक्षरात लिहिलं, "मुलीचं पोटाचं थोडं असतं, संध्याकाळी तासभर बाथरूम लागेल, पण अडचण असेल तर काही हरकत नाही."

आठ दिवसांनी फोन आला तेव्हा घरात आर्डिस एकटी होती.

"मी डेनिस कार्बोन, कॅम्पवरून." बाई नवी होती, वसंतात न्यू जर्सीहून आलेली, एका श्वासात बोलणारी. "आईंनी बाथरूमचं लिहिलंय. आमच्याकडे आहे, आतून कडी असलेलं. नर्स आहे. सोल्वेसाठी एक जागा उरलीय. ठेवू का तिच्या नावावर?"

आर्डिसची नजर लगेच कॅलेंडरवरच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यावर गेली. आणि तोंडातून, साठ वर्षांच्या सवयीने, बाहेर पडलं, "अहो नको, तुम्हाला कशाला उगाच व्याप."

"व्याप नाही काही. नक्की नको?"

"इतर पोरी असतील ना वाट बघत," आर्डिस गोड आवाजात म्हणाली, आणि तिसऱ्या प्रश्नासाठी तिने हातात पेनही घेतलं.

"बरं. स्पष्ट सांगितलंत, छान झालं. पुढच्या वर्षी बघू." आणि फोन बंद झाला.

आर्डिस पेन धरून उभी राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली. बाई विचारात पडली असेल. उद्या करेल फोन. तीन दिवस आर्डिस फोनपासून दहा पावलांच्या पुढे गेली नाही. वाटाण्याच्या वाफ्यातलं तण कमरेइतकं वाढलं. कोणाला ती काही बोलली नाही, कारण सौदा अर्धवट असताना आकडा सांगायचा नसतो.

चौथ्या दिवशी पत्र आलं. सोल्वेनेच ते रस्त्याकडेच्या पेटीतून आणलं आणि उभ्या उभ्या फोडलं. त्या दिवशी करीनची सुट्टी होती, डेल बूट काढत होता.

"'तुम्हाला यायला जमणार नाही हे कळलं, वाईट वाटलं,'" सोल्वेने वाचलं. "कोणाला जमणार नाही?"

आर्डिसने सगळं सांगितलं. फोन, पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, पेन.

"दोनदाच विचारलं?" डेल म्हणाला. "ही कसली बाई?"

"तिकडे पूर्वेला असंच करतात म्हणे," करीन म्हणाली. "ताईंचं काय चुकलं? पहिल्यांदा कोण हो म्हणतं?"

"मी असतो तर मीही नकोच म्हटलं असतं."

"आपण सगळ्यांनीच म्हटलं असतं."

तिघांच्या माना एका तालात हलल्या. सोल्वे पत्राची घडी घालत होती.

"मला कोणी एकदासुद्धा विचारलं नाही," ती म्हणाली. "दहा वर्षं माझं पोट नाही म्हणत होतं. आता पोट हो म्हणतंय, तर तुम्ही नाही म्हणताय."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्याला काहीतरी खायला देता येतं. सात वाजता तिने बाथरूमची कडी आतून लावली. आर्डिस पत्ते घेऊन स्टुलावर बसली. आत पाणी वाजलं, पिशवी रिकामी झाली, तास सरला. आतून हाक आली नाही. वहीत आवक होती, जावक होती, डाग "नाही" होता. शेऱ्याचा रकाना कोरा होता. चौतीस वर्षांत आर्डिसने एवढी मोठी तूट पाहिली नव्हती, आणि या खेपेला काट्यावर ती स्वतःच उभी होती.

भीड भिकेची बहीण म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस रुबार्बच्या आंबट देठांचा केक बाजूच्या सीटवर ठेवून भीक मागायला निघाली.

डेनिस कार्बोन कॅम्पच्या ऑफिसात वल्ही मोजत होती. गळ्यात शिट्टी, पायांत चिखलाचे बूट.

"बसा. कॉफी?"

"नको."

"बरं," डेनिस म्हणाली आणि स्वतःपुरती ओतून घेतली.

आपली गाठ कोणाशी आहे हे आर्डिसला तेव्हा पुरतं कळलं. तिने केक टेबलावर ठेवला, दोन्ही हात त्याच्या बाजूंना ठेवले, जणू केकच पळून जाणार होता.

"मिस कार्बोन, फोनवर मी नको म्हणाले होते. सोल्वे हाउगन. ते हो होतं."

"म्हणजे कसं?"

"आमच्याकडे नको म्हणजे अजून विचारा."

"किती वेळा?"

"तीन."

डेनिसने वल्ही खाली ठेवली. "एप्रिलपासून मी या गावात एकाही माणसाला कॉफी पाजू शकलेले नाहीये. मला वाटलं माझी कॉफी वाईट आहे."

"वाईट आहे असं ऐकलंय," आर्डिस म्हणाली, "पण कारण ते नाही."

डेनिसने कप बाजूला सारला. मग खुर्ची पुढे ओढली. "आईंनी लिहिलंय, 'पोटाचं थोडं.' थोडं म्हणजे काय? मला माहीत नसलं तर मी सोय काय करणार?"

हीच ती जागा होती. आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं. तळं होतं, मदतीला येण्यासारखं नव्हतं.

"शी," ती म्हणाली. मग, एकदा बांध फुटल्यावर, सगळंच म्हणाली. जन्मापासून काय होतं ते, खिडकीजवळचा बाक, एकुलती एक मैत्रीण मारेन, बेंबीतली वाट, रोजचा तास, पिशवी टांगायला एक हुक लागेल तो. "बहुतेक दिवस कोरडी असते. एखाद दिवशी नसतेही. तिचं तिला सगळं करता येतं. तिला दुसऱ्या कोणाच्या मदतीची गरज नाही. तिला फक्त तिथे असायचंय." एवढी लांब मागणी तिने आयुष्यात कोणाकडे केली नव्हती, आइनारकडे तर नाहीच.

"जागा मी देऊन टाकली, मिस हाउगन."

"हं."

"पण एक आहे. नियमाप्रमाणे इतक्या मुलांमागे इतकी मोठी माणसं लागतात, आणि स्वयंपाकघरात माझं एक माणूस कमी आहे. ते मिळालं तर मारेनच्या खोलीत आठवी मुलगी घेता येते. तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"थोडाफार," आर्डिस म्हणाली. चर्चच्या दीडशे पानांच्या पंगती तिने बावीस वर्षं उठवल्या होत्या.

"मग येता?"

"मी कशाला," असं तिच्या जिभेवर आलंच होतं. समोर डेनिसचा कप होता, एकच.

"येते," आर्डिस म्हणाली. "आणि कॉफीही द्या."

कॉफी खरोखर वाईट होती.

घरी सोल्वेने बातमी ऐकली, आत्याच्या कमरेला मिठी मारली, आणि मिठी न सोडता अटी घातल्या.

"तू मला ओळखायचं नाही."

"बरं."

"नावाने हाक मारायची नाही. दाराबाहेर स्टूल टाकायचं नाही. कोणाला आवक-जावक सांगायची नाही."

"आणि काही झालं तर?"

"मला तू लागलीस तर मी येईन. एकदाच विचारीन, हं. तिथे नको-बिको चालणार नाही."

कॅम्पवर पहिल्या संध्याकाळी सातला आर्डिस पातेली घासत होती. समोर पन्नास पावलांवर बाथरूमची उजळ खिडकी. आत पिशवीची सावली हुकावर टांगलेली दिसत होती. बाहेर कोणी नव्हतं. आर्डिसने एकच पातेलं तीनदा घासलं. दुसऱ्या संध्याकाळी दाराशी मारेन येऊन बसली. पाच मिनिटांनी आणखी तिघी. कोणीतरी दाराच्या फटीखालून काहीतरी आत सरकवलं, आतून काहीतरी परत सरकलं, आणि मग बाहेरच्या सगळ्या एकदम ओरडल्या, "सोल्वे, तू फसवतेस."

आर्डिस समाधानाने झोपली. ती चूक होती.

सकाळी बटाट्याच्या सालींची बादली घेऊन ती मागे निघाली, आणि वाळत घालायच्या दोरीवर तिला झोपायची पिशवी दिसली. निळी, पांढऱ्या बदकांची. ती तिनेच घेऊन दिली होती. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. सगळ्या दोरीवर ती एकटी, दिवाळखोराच्या दारावरच्या नोटिशीसारखी, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी अशी. नाश्त्याची घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मग सव्वाशे पोरं याच वाटेने जाणार होती.

आर्डिसचा पाय उचलला गेला. दोरीवरून पिशवी ओढायची, स्वयंपाकघराच्या मागे न्यायची, मोजून चाळीस पावलं. तिने पाय खाली ठेवला. शब्द दिला होता, आणि पोरीने विचारलं नव्हतं. ती लाकडांच्या ढिगामागे बादली पोटाशी धरून उभी राहिली. साठ वर्षं तिला वाटत आलं होतं की नको म्हणणं सर्वांत अवघड. काही न म्हणता उभं राहणं त्याहून अवघड निघालं.

झाडीतून मारेन आली. तिच्या खांद्यावर तिची लाल पिशवी होती, आणि तीही ठिबकत होती. तिने ती निळीच्या शेजारी टाकली. तिच्यामागून एक हिरवी आली. मग दोन जांभळ्या. मुली तळ्याकडून येत होत्या, प्रत्येकीच्या हातात तळ्यात बुडवलेली पिशवी, प्रत्येकीच्या बुटांत पचपच पाणी.

दोन खोल्यांवर देखरेख करणारी कॉलेजकन्या वाटेत आडवी आली. "हे काय चाललंय?"

"धुतल्या," मारेन म्हणाली.

"सगळ्यांनी? का?"

"वास येत होता."

"कशाचा?"

"तुमच्या मोज्यांचा, ताई."

आर्डिसने दोरी मोजली. मग उलटीकडून मोजली. आठ. तोवर बाथरूममधून सोल्वे बाहेर आली, ओल्या केसांनी, पोहायच्या कपड्यांत. दोरी बघून थबकली. मारेनने फक्त विचारलं, "येतेस?" आणि सोल्वे हो म्हणायच्या आतच धक्क्याकडे पळत सुटली. फळ्यांवर पावलं वाजली आणि तळ्यात एकामागून एक आठ उड्या पडल्या. आर्डिसने त्याही मोजल्या.

त्या दुपारी बटाटे गरजेपेक्षा दहा किलो जास्त सोलले गेले. जेवणाच्या रांगेत सोल्वे ताट घेऊन पुढे आली, अनोळखी चेहरा करून.

"मावशी, बटाटे."

आर्डिसने वाढले.

"मावशी, तुमचे डोळे का लाल झालेत?"

"कांदा."

"याच्यात कांदा नाहीये."

"पुढे सरक, रांग अडलीय."

शनिवारी सगळे घरी परतले. आर्डिसची सूटकेस सोल्वेच्या झोपायच्या पिशवीशेजारीच दिवाणखान्यात उभी होती. सहा आठवड्यांचे पंधरा झाले होते, उशीवर डेलच्या घरातल्या साबणाचा वास बसला होता, आणि आता संध्याकाळी सातला या घरात कोणी लागत नव्हतं. ती उशी बगलेत धरून वही परत करायला बाथरूमच्या टोपलीपाशी गेली, तर कॅम्पचे पाच दिवस वहीत आधीच भरलेले होते, सोल्वेच्या अक्षरात. आवक, जावक. मंगळवारी रात्री, डाग: हो. शेरा: पिशव्या आठ. शुक्रवारी, डाग: नाही. शेरा: आत्याने पाच दिवस ओळख दाखवली नाही. नाटक फार वाईट करते.

सात वाजले. डेल घोरत होता. सोल्वे आत गेली, पाण्याची पिशवी दांडीला लागल्याचा आवाज झाला. आर्डिसने सूटकेसची मूठ धरली.

"आत्या, पत्ते?"

"नको गं, अंधार पडायच्या आत निघायचंय," हे तिच्या ओठांवर तयार उभं होतं. आतून दुसऱ्यांदा हाक येणार नव्हती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पोरीला मिनियापोलिसला नीट शिकवलं होतं.

"आले," आर्डिस म्हणाली आणि उशी परत सोफ्यावर टाकली. "पण आज पत्ते मी वाटणार. आणि तो मांडीवरचा टॉवेल आधी झटकून दाखव."